अरामी राजे, मुक्काम पोस्ट कोरीट

खिळे जुळवणाऱ्या माणसाला वाचायला वेळ नसतो, अशी लोकांची समजूत आहे. खरं म्हणजे त्याच्याइतकं सावकाश कोणी वाचत नाही. तुम्ही एक शब्द नजरेच्या फटक्यात उचलता. आम्हाला तो अक्षर अक्षर, मात्रा-वेलांटीसकट बोटांनी उचलावा लागायचा, आणि तोही उलटा. नंदुरबारच्या बाजारपेठेतल्या एका छापखान्यात मी बत्तीस वर्षं असा उलटा वाचत बसलो. त्यात लग्नपत्रिका वाचल्या, जिनिंगवाल्यांच्या जाहिराती वाचल्या, नाटकांची हँडबिलं वाचली. आणि एकदा, एकदाच, एक संपूर्ण इतिहासाचं पुस्तक वाचलं. कुठल्या तरी दूरच्या दमास्कस शहरातल्या, हजारो वर्षांपूर्वीच्या अरामी राज्याचा इतिहास. तो आजही मला तोंडपाठ आहे. परीक्षेला बसायची सोय मात्र कुठे झाली नाही.

ज्यांनी छापखाना पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. समोर उतरती लाकडी पेटी. तिला आम्ही केस म्हणायचो. तिच्यात शेकडो लहान लहान घरं, आणि प्रत्येक घरात एकेका अक्षराचे शिशाचे खिळे. डाव्या हातात लोखंडी पट्टी, उजव्या हाताने खिळे उचलायचे आणि पट्टीत लावायचे. ओळींची पानं झाली की दोरीने बांधायची आणि चार पानांचा फर्मा मशीनवर चढवायचा. छापून झालं की तेच खिळे सोडवून पुन्हा आपापल्या घरात टाकायचे. हे टाकणं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात धोक्याचं. एक खिळा शेजारच्या घरात पडला, तर पुढच्या वेळी बोट त्याला विश्वासाने उचलतं.

शिवाय उकार मोडायचे. एकदा लोणखेड्याच्या एका पाटलांच्या घरची लग्नपत्रिका छापली. छापता छापता ‘वधूपक्ष’ या शब्दाचा उकार कधी तुटला ते कळलंच नाही. पत्रिका गावोगाव गेल्या आणि मुलीचे वडील दुसऱ्या दिवशी दारात उभे.

“मास्तर, तठे ‘वधपक्षातर्फे’ लिखेल शे. व्याही इचारी ऱ्हायना, वऱ्हाडमा कितला जनस्ले मारानं शे म्हने!”

माणूस चांगला होता. हसला आणि गेला. लग्नाचं आमंत्रणही तोंडी देऊन गेला. मी मात्र जेवायला गेलो नाही.

तर असा मी, मूळचा नाशिककडचा. शुद्ध मराठीचा मला फार अभिमान. छापखान्याचे मालक केसरीमल शेठ. त्यांचे वडील मारवाडातून आलेले. शेठ हिशेबी पण दिलदार, आणि शब्दाशब्दावर कोटी करणारे. मशीन चालवायला रज्जाकभाई. त्या माणसाला वाचता येत नव्हतं, पण शाई कुठे जास्त लागली ते त्याला नुसत्या वासावरून कळे. असे आम्ही तिघं.

महाराष्ट्र झाल्यानंतरचा पहिला किंवा दुसरा हिवाळा असेल. आमचा जिल्हा तेव्हा धुळे. एका बाजाराच्या दिवशी एक उंच, सावळा शेतकरी छापखान्यात आला. पांढरी टोपी, डोळ्यांवर दोरीने बांधलेला चष्मा, काखेत कापडात गुंडाळलेलं गाठोडं. कोरीटचे हिरजी पाटील. कापूस आणि केळीचे बागायतदार, जातीने गुजर. गाव त्यांना आबा म्हणे. घरची जुनी माणसं गुजरी बोलायची, आबा मात्र घरात आणि बाजारात अहिराणी, आणि कागदावर मराठी. गाठोडं सोडलं, तर आत सहा वह्या. निळ्या शाईने काठोकाठ भरलेल्या.

“शेठ, पुस्तक छापानं शे.”

“पोथी का, हिरजीभाई?”

“पोथी नही. इतिहास. अरामी राज्यना इतिहास.”

शेठ खूश झाले. “आरामी! म्हणजे आराम करणाऱ्यांचं राज्य! अहो, त्यासाठी पुस्तक कशाला? दुपारी दोन वाजता आमच्या पेढीवर या.”

“आराम नही शेठ. अराम. अ.”

“अ-राम? राम नाही तिथे? मग बाबा मी नाही छापणार.”

आबा गंभीरपणे म्हणाले, “राम नही, पन हदाद शे. त्यासना पाऊसना देव. पाऊस पाडस ना? मंग बस व्हयनं.”

पावसाच्या देवाला शेठ नाही म्हणू शकले नाहीत.

कोरीटच्या शेतकऱ्याला दमास्कसचं वेड कसं लागलं, हे मला हळूहळू समजलं. दुसऱ्या मोठ्या लढाईत आबा लष्करात लॉरी चालवायला होते. फिरत फिरत त्यांची तुकडी सिरियात पोहोचली. तिथे एका डोंगरातल्या खेड्याजवळ लॉरीचा दांडा तुटला आणि सुटा भाग येईपर्यंत आबा तिथेच अडकून पडले. एका म्हाताऱ्याने त्यांना वाळवलेले जर्दाळू खाऊ घातले. म्हातारा बायकोशी जे बोलायचा, ते सोबतच्या अरब ड्रायव्हरलाही कळत नव्हतं. आबांनी त्या ड्रायव्हरमार्फत विचारलं, ही कुठली बोली? म्हातारा म्हणाला, ही आमच्या अरामी राजांची. राजे गेले, बोली घरात राहिली.

हे वाक्य आबांच्या डोक्यात घर करून बसलं. गावी परत आल्यावर ते नवापूरकडच्या एका म्हाताऱ्या पाद्र्याकडे जाऊ लागले. पाद्रीबाबांकडे जाडजूड इंग्रजी ग्रंथ होते. ते वाचून मराठीत सांगायचे, आबा लिहून घ्यायचे. बदल्यात केळीचा घड. सहा वह्या भरेपर्यंत पाद्रीबाबांनी किती केळी खाल्ली असतील कोण जाणे.

काम सुरू झालं आणि चार पानांतच माझ्या लक्षात आलं की आमच्या केसमध्ये ‘अ’ पुरत नाहीत. अराम, अरामी, त्यांचे शत्रू अश्शूर! जिथे पाहावं तिथे अ. लग्नपत्रिकेत कधी इतके अ लागतात का? आणि तितकेच ‘ह’. कारण आबांचा लाडका राजा हजाएल. म्हणून मी फक्त चार पानं जुळवायची, ती छापायची, खिळे लगेच सोडवायचे आणि पुढची चार पानं घ्यायची. आज सोडवलेले अ आणि ह उद्या पुन्हा हातात.

दर बाजाराला आबा कच्चं छापील पान तपासायला येत. तपासण्यापेक्षा सांगण्याचीच हौस जास्त. स्टुलावर बसून मोठ्याने वाचायचे. रज्जाकभाई मशीन बंद करून ऐकायचे. हजाएल हा आधी दरबारातला नुसता चाकर. म्हातारा राजा आजारी पडला, तेव्हा म्हणे याने ओलं कापड त्याच्या तोंडावर टाकलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतः गादीवर बसला.

“तौबा!” रज्जाकभाई म्हणाले. “मग हा तर बदमाश निघाला.”

“राजा व्हता,” आबांनी खुलासा केला.

मग अश्शूरचा राजा शल्मनेसर मोठं सैन्य घेऊन चालून आला. हजाएल दमास्कसच्या तटाआड बसून राहिला. शहर काही हाती लागेना. तेव्हा शल्मनेसरने काय केलं, तर शहराभोवतीच्या सगळ्या बागा तोडून टाकल्या आणि परत गेला. हे तोडणं त्याने स्वतःच दगडावर कोरून ठेवलंय, मोठा पराक्रम म्हणून.

इथे आले की आबांचा आवाज बदलायचा. हे पान त्यांनी मला तीनदा वाचून दाखवलं. वहीत त्यांनी लिहिलं होतं: ‘शहर सापडनं नही, म्हनीसन झाडं तोडनात. झाडस्नी काय बिघाडेल व्हतं?’

इतर सगळी वही मराठीत आणि हीच दोन वाक्यं अहिराणीत. मी नाशिककडचा शुद्ध माणूस. मी जुळवलं: ‘नगर हस्तगत न झाल्याने त्याने उद्याने छेदिली. वृक्षांचा काय अपराध होता?’

आबांनी पान वाचलं. पुन्हा वाचलं.

“मास्तर, हाई मी नही लिखेल.”

“आबा, पुस्तकात बोलीभाषा बरी दिसत नाही. साहेब लोक वाचणार.”

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. “तुले शेवट माहीत नही. पुढे दमास्कस पडनं, अरामी राज्य बुडनं. अश्शूरवाला जिकनात. पन त्यासना कचेरीमा बोली कोनती चालनी? अरामी! इरानना बादशहानी बी तीच वापरी. हारेलसनी बोली जिकेलसना कचेरीमा गयी. आनि तू मन्ही बोली मन्हाच पुस्तकमा येऊ देस नही?”

मी हसलो. ते हसले नाहीत. पण ‘तू शिकेल शे, तूच जान’ असं म्हणून त्यांनी पानावर सही केली. मला तेव्हा वाटलं की मी वाद जिंकला.

पुस्तक आखाजीला बाहेर काढायचं ठरलं. आखाजी म्हणजे अक्षय्यतृतीया, आमच्या खानदेशचा मोठा सण. लेकी माहेरी येतात, झाडाझाडाला झोके बांधतात. आबांच्या दोन मुली जावयांसह येणार, तालुक्याचे शिक्षणखात्याचे एक साहेब येणार, सगळं गाव येणार. आखाजीला आठ दिवस होते आणि शेवटचे फर्मे छापून दोरीवर वाळत पडले होते. केसरीमल शेठ घरच्या लग्नाला मारवाडात गेलेले. मी सहज वाळलेले कागद उतरवत होतो, आणि एका कागदावर नजर गेली.

पानावर मोठ्या टाईपात मथळा होता: ‘हरामी राजांची वंशावळ’.

मी दुसरा कागद उचलला. हरामी. तिसरा. हरामी. तीनशेच्या तीनशे हरामी. खिळे सोडवताना घाईत एक ह अ-च्या घरात पडला होता आणि मी तो विश्वासाने उचलला होता. आखाजीच्या गडबडीत या फर्म्याचं कच्चं पान आबांना दाखवलंच नव्हतं.

रज्जाकभाईंना वाचून दाखवलं. ते शांतपणे म्हणाले, “ओलं कापड आठवा मास्टर. चूक कुठे आहे?”

“चेष्टा नका करू. आबा काय म्हणतील? साहेबांसमोर वाचतील!”

“तर मग सांगूच नका. वंशावळ कोण वाचतं?”

खोटं कशाला सांगू, दोन दिवस मीही हाच विचार केला. पुन्हा छापायला कागद नव्हता. तेव्हा तो सहजी मिळत नसे आणि शेठनी धुळ्याहून बेताचाच आणला होता. पण तिसऱ्या दिवशी सकाळी मी ते तीनशे कागद जुन्या धोतरात बांधले आणि कोरीटची एसटी पकडली. बसमध्ये गाठोडं मांडीवर घेऊन बसलो होतो. शेजारच्या बाईने विचारलं, “भाऊ, कोन वारनं?” इतकं माझं तोंड उतरलेलं होतं.

आबा घरी नव्हते. त्यांची बायको जमनामाय मला मळ्यात घेऊन गेली. बांधावर आलो आणि मी थबकलो. केळीचा निम्मा मळा उंच, हिरवागार. निम्मा मात्र गुडघ्याएवढा, आणि त्यात जागोजाग काळी पडलेली, कापलेली खोडं. खोडांच्या बुडाशी पिलं फुटून वर आलेली.

“हे काय झालं?” मी विचारलं.

जमनामाय म्हणाली, “मागला साले आम्ही लगीनले गयथूत. बांधवरथीन भांडन व्हतं. ह्यासना चुलतभाऊनी कापी टाकात. घडवर येयेल व्हत्यात.” मग आवाज खाली करून म्हणाली, “बठा गाव म्हने, पोलीसमा जा. हाई मानूस वही लिसन बसना.”

आबा पिलांना पाणी देत होते. त्यांनी तिचं शेवटचं वाक्य ऐकलं. “हजाएल गयथा का पोलीसमा?” ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, “ये मास्तर. व्हयनं का पुस्तक?”

तीनदा वाचून दाखवलेलं ते पान मला तेव्हा कळलं. मी जुळवलं होतं, वाचलं नव्हतं. आणि आता या माणसाला मी काय सांगायला आलो होतो!

“आबा, एक चूक झालीय.”

“कितली मोठी?”

“एका अक्षराची.”

“मंग इतला कसाले घाबरी ऱ्हायना?”

मी कागद पुढे केला. आबांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. मथळा वाचला. त्यांचे ओठ हलले, पुन्हा हलले. मग खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतात. ते बांधावर बसले आणि असे हसले की चष्मा पाटाच्या पाण्यात पडला.

“मास्तर, हाई चूक नही! त्या शल्मनेसरनी दगडवर काय लिखेल शे माहीत शे का? ‘हजाएल, कोनाच बापना नही.’ म्हंजे काय? हाईच ना! त्यानी दगडवर लिखं, तू कागदवर लिखं. ऱ्हाऊ दे!”

“काय लिखेल शे?” जमनामायने विचारलं. तिला वाचता येत नव्हतं.

आबांनी सांगितलं. ती हसली नाही.

“आखाजीले मन्ह्या पोरी येतीस. जवाई येतीस. त्यासना हातमा शिवी द्यानी का? काही नही चालाव. नीट करा.”

दमास्कसच्या तटापुढून शल्मनेसर परत गेला असेल, पण जमनामायपुढे आम्ही दोघं जागेवरच शरण गेलो. उपाय एकच होता. ब्लेडने प्रत्येक कागदावरचा ह हलक्या हाताने खरवडायचा, चमच्याच्या पाठीने जागा घासून गुळगुळीत करायची, आणि तिथे शाईने अ काढायचा. मथळ्याचा टाईप मोठा होता, म्हणून हे जमण्यासारखं होतं. खरवडायला मी. घासायला आबा. अ कोणी काढायचा? आबांचा हात लॉरीच्या हँडलने एकदा मोडलेला, लिहिताना थरथरायचा. सहा वह्या त्यांनी कशा लिहिल्या देव जाणे. छापील अक्षराशेजारी तो अ भुतासारखा दिसला.

“आना आठे,” जमनामाय म्हणाली. “मी रांगोई काढस. दखाडा कसं शे ते.”

मी एका कागदावर अ काढून दिला. तिने तो नीट पाहिला, मान तिरकी करून. पहिले दहा-बारा विळ्यासारखे झाले. पन्नासाव्यापर्यंत नेमके जमायला लागले. मी दोन दिवस त्यांच्या ओसरीवर होतो. भाकरी, ठेचा, दुपारी केळी, आणि अ. दुसऱ्या दिवशी तिचा अ माझ्यापेक्षा सुबक पडू लागला आणि ती आम्हालाच घाई करायला लागली. “खरवड ना मास्तर, झोपना का?”

शेवटचा कागद झाला. मी हात झटकले. जमनामायने टाक खाली ठेवला नाही.

“हाई अक्षरनं नाव काय?”

“अ,” आबा म्हणाले. “अरामना अ.”

“मन्हा नावमा शे का?”

“नही. तुन्हा नावमा ज शे.”

“मंग तो दखाडा.”

आबांनी तिच्या हातातून टाक घेतला. या माणसाने फिरून फिरून सारी दुनिया पाहिली होती, हजारो वर्षांपूर्वीच्या राजांची नावं पाठ केली होती, आणि या घरात वीस-बावीस वर्षांत हे वाक्य कोणी बोललं नव्हतं. मग त्यांनी आपल्या थरथरत्या हाताने एका रद्दी कागदावर ज काढला. फारच वाकडा. तिने तो सरळ करून घेतला.

आखाजीला आबांच्या दारातल्या कडुलिंबाखाली पुस्तक निघालं. साहेबांनी पाटबंधाऱ्यांवर लांबलचक भाषण केलं. पुस्तकाचा त्यात उल्लेख नव्हता. मागे, मंडळींच्या शेवटच्या ओळीत, तो चुलतभाऊ येऊन बसला होता. आबा उठले, सगळ्यांच्या मधून चालत गेले आणि एक प्रत त्याच्या हातात दिली. बागा तोडल्याचं पान उघडून. तो खाली मान घालून वाचत राहिला. चेहऱ्यावर काही दिसेना. कसं दिसावं? ‘उद्याने छेदिली’ म्हणजे काय, ते त्याला कळलं असेल की नाही कोण जाणे. त्याच्याच बोलीतला एक साधा प्रश्न आबांनी त्याच्यासाठी लिहून ठेवला होता आणि मी तो काढून टाकला होता. बत्तीस वर्षांत माझ्याकडून पुष्कळ खिळे चुकले. ती चूक मात्र खिळ्याची नव्हती.

साहेब बोलतच होते. ओसरीवर जमनामाय दोन्ही मुलींना घेऊन, मांडीवर पुस्तक उघडून बसली होती. बोट ओळींवरून सरकत होतं, मध्येच थांबत होतं, पुढे जात होतं. मी जवळ गेलो तेव्हा ती धाकटीला सांगत होती, “हाऊ दख. हाऊ बी. आठे बी शे.”

मी वाकून पाहिलं. तिचं बोट दर वेळी ‘राजा’ या शब्दावर पडत होतं.

आबा मागून आले, तशी तिने मान वर केली. “अहो, तुम्हना हर राजामा मन्हा ज शे!”

आबांनी साहेबांच्या भाषणाकडे पाठ केली आणि तिच्या शेजारी, खाली फरशीवर, मांडी घालून बसले.